द्वंद्वक्रीडा : देहमानातील तफावत व सरावातील खंड

द्वंद्वक्रीडा म्हणजे दोन प्रतिस्पर्ध्यांनी परस्परांच्या शरीराशी प्रत्यक्ष भिडून खेळावयाचे क्रीडाप्रकार. कुस्ती व मुष्टियुद्ध हे त्यांतील दोन प्रमुख व प्राचीन प्रकार होत. या खेळांचा निकाल कौशल्य, बळ, दम आणि मनोधैर्य या चार गुणांवर अवलंबून असतो. तथापि हे गुण किती फलदायी ठरतील, हे आणखी दोन गोष्टींवरून ठरते. एक, दोन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या देहमानातील म्हणजे वजन, उंची व हाताची लांबी यांतील तफावत. आणि दुसरी, सरावातील सातत्य किंवा त्यात पडलेला खंड. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते. म्हणून तिच्यासंबंधी नियम लवकर झाले. दुसरी डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासंबंधी नियम करणेही अवघड असते. या दोहोंचा परस्परसंबंध मात्र निकटचा आहे. लहान चणीचा खेळाडू मोठ्यावर मात करतो ती चपळाई, अचूक वेळ साधणे व टिकाऊ दम यांच्या बळावर; आणि सराव थांबला, की सर्वांत आधी उणे होतात ते हेच गुण. त्यामुळे खंडाची झळ लहान चणीच्या खेळाडूस सामान्यतः अधिक लागते, असे या खेळांचा इतिहास पाहता दिसून येते.

प्राचीन विचार : विषम लढतीसंबंधीची जाणीव भारतीय परंपरेत जुनी आहे. महाभारताच्या सभापर्वात जरासंधापुढे कृष्ण, अर्जुन व भीम असे तीन प्रतिस्पर्धी उभे राहतात, तेव्हा तो आपल्या तोडीचा म्हणून भीमाची निवड करतो. भागवत पुराणातील कंसाच्या रंगमंडपात हा प्रश्न अधिक स्पष्टपणे उपस्थित झाला आहे. चाणूर व मुष्टिक यांच्याशी झुंजण्याचे आव्हान मिळताच कृष्ण म्हणतो, की आम्ही मुले आहोत, आम्ही समान बळाच्या मुलांशी खेळू; अन्यथा सभेला अधर्माचा दोष लागेल. प्रेक्षकांतील स्त्रियाही पर्वतप्राय मल्लांसमोर कोवळी मुले उभी केल्याबद्दल सभासदांना दोष देतात. म्हणजे विषम जोड ही केवळ खेळाडूची अडचण नसून ती लावणाऱ्यांचा व पाहणाऱ्यांचाही दोष होय, असा विचार येथे आढळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात मल्लविनोदाचे वर्णन आले असून त्यात मल्लांच्या ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक यांसारख्या श्रेण्या सांगितल्या आहेत. त्यांचा आहार, व्यायाम व झुंजीपूर्वीची तयारी यांचाही त्यात विचार केलेला आहे.

प्राचीन ग्रीसमध्ये वेगळी स्थिती होती. ऑलिंपिक क्रीडामहोत्सवात कुस्तीचा समावेश इ. स. पू. ७०८ मध्ये व मुष्टियुद्धाचा इ. स. पू. ६८८ मध्ये झाला. परंतु प्रौढ व कुमार असे वयाचे भेद सोडले, तर वजनाचे गट तेथे नव्हते. परिणामी या खेळांत मोठ्या देहाच्या खेळाडूंचे वर्चस्व राहिले.

जावळीतील भेट (१६५९) : महाराष्ट्रात लहान व मोठ्या देहाच्या सामन्याचा विषय निघाला, की महाड–पोलादपूरच्या मुलखाची आठवण अपरिहार्यपणे होते. महाडहून पोलादपूर व तेथून आंबेनळी घाटाने वर चढणारा रस्ता प्रतापगडाच्या परिसरात पोहोचतो. हा किल्ला आज सातारा जिल्ह्याच्या महाबळेश्वर तालुक्यात मोडतो. तथापि त्याचा पश्चिम उतार कोकणात पोलादपूरच्या बाजूस उतरतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी या गडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज व अफझलखान यांची भेट झाली. या प्रसंगाचे काव्यमय वर्णन करणारा शिवभारताचा कर्ता कवींद्र परमानंद याची समाधी पोलादपूर येथे दाखविली जाते.

हा प्रसंग क्रीडेचा नव्हता. तो राजकीय व लष्करी संघर्षाचा होता. तरीही त्याचा येथे विचार करणे इष्ट आहे. कारण धिप्पाड प्रतिस्पर्ध्यावर लहान चणीच्या माणसाने केलेली मात म्हणून तो मराठी मनावर कोरला गेला आहे आणि त्यातून केवळ धैर्याने देहमानातील तफावत भरून निघते, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. सभासदाच्या बखरीप्रमाणे खानाने महाराजांची मान काखेत दाबून धरली व जमदाडीचा वार केला. उंच व वजनदार मनुष्य लहान चणीच्या माणसावर स्वाभाविकपणे जी पकड घेतो, तीच ही पकड होय. ती बसल्यावर धैर्याइतकीच उपयोगी पडली ती पूर्वतयारी : अंगरख्याखालील चिलखत, मंदिलाखालील शिरस्त्राण, हातातील बिचवा व वाघनख. भेटीच्या जागेची निवड, सय्यद बंडा यास दूर करविण्याचा आग्रह आणि जावळीच्या रानात आधीच पेरलेल्या तुकड्या हाही त्याच तयारीचा भाग होता. महाराज जुलै १६५९ मध्येच राजगड सोडून प्रतापगडावर आले होते. सैन्याच्या हालचाली एरवी ज्या काळात थंडावत, तो पावसाळा त्यांनी तयारीसाठी वापरला. त्याच काळात, सप्टेंबरमध्ये, सईबाईंचे निधन झाले. पण तयारीत खंड पडू दिला गेला नाही. तफावत भरून काढणारा घटक कोणता, याचे उत्तर या चार महिन्यांत आहे.

जोड लावण्याची पद्धत : महाराष्ट्रातील परंपरागत कुस्तीत वजनकाटा नव्हता; पण त्याची जागा घेणारी व्यवस्था होती. जत्रेच्या फडात पंच व जाणते वस्ताद दोन पैलवानांस शेजारी उभे करून त्यांचा बांधा, वय, तालीम व पूर्वीच्या कुस्त्या पाहत आणि मग जोड लावीत. रेवड्यांवरच्या पोराठोरांच्या कुस्त्यांपासून आरंभ होऊन दिवस कलता कलता मोठ्या इनामाच्या निकाली कुस्त्या होत. जोड विषम असल्यास प्रेक्षक हरकत घेत. ही पद्धत लवचिक होती. कारण तीत केवळ वजन न पाहता ‘मेहनत’ही पाहिली जाई. काही महिने तालीम सोडलेला पैलवान अनुभवी वस्तादाच्या नजरेतून सुटत नसे आणि त्याला त्याच्या जुन्या नावाच्या जोडीस धरण्यापूर्वी विचार केला जाई. म्हणजे आधुनिक नियमांनी जे आजवर साधलेले नाही, ते खंडाचे मोजमाप गावच्या फडात ओबडधोबड स्वरूपात होत होते. अर्थात या पद्धतीत पक्षपातास वाव होता आणि मोठ्या इनामाच्या कुस्तीत शेवटी वजनदार पैलवानाचेच पारडे जड राही.

कुस्तीतील डावांची रचनाही देहमानाशी निगडित आहे. एकेरी व दुहेरी पट हे डाव ठेंगण्या, चपळ पैलवानास सोयीचे. कारण त्याचा गुरुत्वमध्य खाली असतो व प्रतिस्पर्ध्याच्या पायांत शिरणे त्याला सुकर जाते. उलट वरून दाबून दमविणे, सवारी व घिस्सा या डावपेचांत वजन कामी येते. वजनदार पैलवान कब्जा घेऊन नुसता वर बसला, तरी खालच्याचा दम सरत जातो. म्हणून लहान पैलवानाने कुस्ती खडाखडीतच निकालात काढावी किंवा मोठ्याला फिरवून दमवावे, असे वस्ताद सांगत. दोन्ही मार्गांना पायांचा वेग व दम लागतो.

गामा पैलवान (१८७८–१९६०) याची कारकीर्द या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्याची उंची सु. १७० सेंमी. होती, तर त्याचा प्रसिद्ध प्रतिस्पर्धी रहीम सुलतानीवाला हा त्याच्याहून कितीतरी उंच होता. या दोघांच्या लढती दीर्घकाळ बरोबरीत सुटत राहिल्या. सप्टेंबर १९१० मध्ये लंडन येथे पोलिश मल्ल स्टानिस्लाउस झिबिस्को याच्याशी गामाची अडीच तासांहून अधिक वेळ कुस्ती झाली. वजनाने बराच भारी असलेला झिबिस्को बहुतेक काळ पालथा पडून राहिला व गामाला त्याला चीत करता आले नाही. पुन्हा ठरलेल्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळा येथे हे दोघे पुन्हा भिडले, तेव्हा दोघांचीही वये पन्नाशीच्या आसपास होती. गामाने एका मिनिटाच्या आत कुस्ती जिंकली. रोजच्या जोर-बैठका गामाने उतारवयातही सोडलेल्या नव्हत्या. वजनाची तफावत अठरा वर्षांपूर्वीचीच होती. फरक पडला होता तो दोघांच्या तयारीत.

वजनगटांचा उदय : इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात बक्षिसी मुष्टियुद्धे लोकप्रिय झाली. जॅक ब्रॉटन याने १७४३ मध्ये पहिले लिखित नियम केले. परंतु त्यांत वजनाचा विचार नव्हता. सु. ७३ किग्रॅ. वजनाचा डॅन्येल मेंडोझा (१७६४–१८३६) याने पदन्यास व बचाव यांच्या जोरावर मोठ्या प्रतिस्पर्ध्यांना हरवून विजेतेपद मिळविले. मात्र १७९५ मध्ये अधिक उंच व वजनदार जॉन जॅक्सन याच्याकडून तो पराभूत झाला. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे, तीन मिनिटांच्या फेऱ्या व एक मिनिटाची विश्रांती रूढ केली आणि त्याच सुमारास हौशी स्पर्धांत हलका, मध्यम व भारी असे गट आले. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ मध्ये आठ वजनगट निश्चित केले.

आधुनिक ऑलिंपिकच्या पहिल्या स्पर्धेत (अथेन्स, १८९६) कुस्तीचा एकच खुला गट होता. तो जिंकणारा कार्ल शूमान हा जर्मन खेळाडू मूळचा व्यायामपटू असून त्याची उंची केवळ १६३ सेंमी. होती आणि त्याने धिप्पाड वजनउचल-विजेता लॉन्सेस्टन एलियट याला हरविले. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये मात्र कुस्ती व मुष्टियुद्ध या दोहोंसाठी प्रत्येकी सात वजनगट ठेवण्यात आले. सर्वांत वरचा गट दीर्घकाळ अमर्याद राहिला. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये पश्चिम जर्मनीच्या अडतीस वर्षीय व्हिल्फ्रेट डीट्रिख याने १८० किग्रॅ.हून अधिक वजनाच्या क्रिस टेलर या अमेरिकन मल्लास कंबरेला विळखा घालून डोक्यावरून मागे फेकले. डीट्रिखची ही पाचवी ऑलिंपिक स्पर्धा होती; त्याच्या या फेकीमागे सलग दोन दशकांचा सराव होता.

वजनगटांचे महत्त्व महाराष्ट्राला कळले ते खाशाबा जाधव (१९२६–८४) यांच्यामुळे. कराडजवळील गोळेश्वर या गावचे खाशाबा हे ठेंगण्या बांध्याचे मल्ल होते. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी (१८७४–१९२२) कुस्तीला उदार आश्रय दिला होता व १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले होते. परंतु त्या मैदानावर नाव होते ते प्रामुख्याने भारदस्त देहाच्या मल्लांचे. ५२ किंवा ५७ किग्रॅ. वजनाच्या पैलवानास मोठ्या इनामाच्या कुस्तीत स्थान मिळणे दुर्घट होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा ५२ किग्रॅ. गटात सहावे आले. गादीवरील कुस्तीची त्यांना तोवर सवय नव्हती. पुढील चार वर्षे त्यांनी सराव अखंड चालू ठेवला आणि १९५२ मध्ये हेल्‌सिंकी येथे ५७ किग्रॅ. गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून पैसे उभे केले होते. पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची संधी खाशाबांना मिळाली नाही. वजनगटाने त्यांना न्याय दिला. दुखापतीने पडलेल्या खंडावर मात्र नियमांपाशी इलाज नव्हता.

खंडाचे परिणाम – मुष्टियुद्धातील दाखले : व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या नोंदी तारीखवार व वजनांसह उपलब्ध असल्याने खंडाचा परिणाम तेथे अधिक नेमकेपणाने पाहता येतो. बॉब फिट्‌सिमन्झ याने १८९७ मध्ये सु. ७६ किग्रॅ. वजनाने भारी गटाचे जगज्जेतेपद मिळविले होते. १८९९ मध्ये सु. ९३ किग्रॅ. वजनाच्या जेम्स जेफ्रीझ याने ते त्याच्याकडून घेतले. जेफ्रीझ अपराजित असतानाच १९०५ मध्ये निवृत्त झाला. जवळजवळ सहा वर्षे लढतींपासून दूर राहिल्यावर आणि वाढलेले प्रचंड वजन उतरवून तो ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे जॅक जॉन्सनसमोर उभा राहिला. त्याचा देह पूर्ववत दिसत होता. पण हालचालीतील वेग परतला नव्हता. पंधराव्या फेरीत त्याचा पराभव झाला.

याहून बोलके उदाहरण जॅक डेम्प्सीचे आहे. ४ जुलै १९१९ रोजी टोलीडो येथे त्याची जेस विलर्डशी लढत झाली. विलर्डची उंची सु. १९९ सेंमी. व वजन सु. १११ किग्रॅ.; डेम्प्सी सु. १८५ सेंमी. उंच व सु. ८५ किग्रॅ. वजनाचा. म्हणजे तफावत २६ किग्रॅ.ची होती. परंतु विलर्डने मार्च १९१६ नंतर विजेतेपदासाठी एकही लढत दिली नव्हती; डेम्प्सी मात्र मधल्या काळात सातत्याने लढत होता. पहिल्याच फेरीत विलर्ड सात वेळा खाली पडला व तिसऱ्या फेरीनंतर त्याने लढत सोडली. मोठ्या देहास खंडाने दुबळे केले व लहान देहास सातत्याने बळ दिले, असा हा प्रसंग होता. त्याच डेम्प्सीने सप्टेंबर १९२३ मधील फिर्पोविरुद्धच्या लढतीनंतर तीन वर्षे विजेतेपद पणास लावले नाही. २३ सप्टेंबर १९२६ रोजी फिलाडेल्फिया येथे जीन टनीने त्याला दहा फेऱ्यांत गुणांवर हरविले. टनी देहाने त्याच्याहून फारसा मोठा नव्हता. डेम्प्सीच्या ठोशातील जोर टिकून होता, पण टनीपर्यंत पोहोचण्यासाठी लागणारी पायांची चपळाई राहिली नव्हती.

मुहंमद अलीचा खंड स्वेच्छेचा नव्हता. सैन्यभरतीस नकार दिल्यामुळे मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० या त्रेचाळीस महिन्यांत, म्हणजे वयाच्या पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंतच्या ऐन उमेदीच्या काळात, त्याला अधिकृत लढत देता आली नाही. ८ मार्च १९७१ रोजी जो फ्रेझरने त्याला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरविले. अलीने पुढे १९७४ मध्ये विजेतेपद परत मिळविले. परंतु रिंगणभर नाचत ठोसे चुकविणारा पूर्वीचा अली क्वचितच दिसला. दोरांना टेकून प्रतिस्पर्ध्याचे प्रहार सोसणे हा त्याने शोधलेला नवा उपाय होता. खंडाने नेलेल्या वेगाची ती किंमत होती.

जॉर्ज फोरमन हा उलट बाजूचा दाखला होय. १९७७ मध्ये निवृत्त झालेला फोरमन दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, पुन्हा रिंगणात आला आणि ५ नोव्हेंबर १९९४ रोजी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने मायकेल मूररला दहाव्या फेरीत बाद करून विजेतेपद मिळविले. त्या क्षणापर्यंत तो गुणांत मागे होता. वेग केव्हाच गेला होता; परंतु विशाल देहाच्या एका ठोशातील जोर शिल्लक होता. या नियमास अपवादही आहेत. मधल्या जवळजवळ पाच वर्षांत केवळ एक लढत दिलेल्या शुगर रे लेनर्डने ६ एप्रिल १९८७ रोजी स्वतःपेक्षा वरच्या गटातील मार्व्हिन हॅग्लरला निसटत्या गुणांनी हरविले. मात्र या लढतीआधी त्याने दीर्घ व पद्धतशीर तयारी केली होती. खंड लढतींचा होता, सरावाचा खंड त्याने आधीच भरून काढला होता. लढतींतील खंड व मेहनतीतील खंड यांत भेद केला पाहिजे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

शरीरशास्त्रीय कारणे : वरील अनुभवांस क्रीडाशरीरविज्ञानाने पुष्टी दिली आहे. सराव थांबताच पहिल्या काही दिवसांतच रक्तद्रवाचे आकारमान घटू लागते व हृदयाच्या दर ठोक्यास बाहेर पडणारे रक्त कमी होते. दमाच्या खेळांतील कसलेल्या खेळाडूंवरील प्रयोगांत प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सु. तीन आठवड्यांत ७ टक्क्यांनी व दोन ते तीन महिन्यांत सु. १६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. स्नायूंचे बळ मात्र साधारणतः चार आठवड्यांपर्यंत फारसे कमी होत नाही व पुढेही सावकाश उतरते. शिवाय पूर्वी कमावलेला स्नायू पुन्हा मेहनतीस लागल्यावर नव्या स्नायूपेक्षा लवकर भरतो. प्रतिस्पर्ध्याची हालचाल ओळखून क्षणार्धात प्रतिसाद देण्याचे कसब एकट्याने जोर-बैठका काढून टिकत नाही; त्यासाठी जोडीदाराबरोबरची लढत आवश्यक असते.

देहमानाचा विचार करता, मोठ्या शरीरात एकूण बळ अधिक असते, परंतु वजनाच्या प्रमाणात ते कमी पडते; कारण शरीर सर्व बाजूंनी सारखे वाढल्यास वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात, तर स्नायूंचा छेद वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून लहान शरीर स्वतःचे वजन अधिक चपळतेने हलवू शकते. मुष्टियुद्धात लांब हाताच्या खेळाडूस दुरून प्रहार करता येतो. लहानाला ते अंतर कापून आत शिरावे लागते व प्रत्येक वेळी अधिक श्रम पडतात. सारांश, मोठ्याचे भांडवल म्हणजे वजन व बळ. ते खंडातही बरेचसे शिल्लक राहते. लहानाचे भांडवल म्हणजे वेग, वेळ व दम. ते रोज कमवावे लागते.

महाराष्ट्रातील खंडाची कारणे : पाश्चात्त्य मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत खंड निवृत्तीमुळे, करारांतील वादांमुळे वा बंदीमुळे पडला. महाराष्ट्रातील सामान्य पैलवानाच्या बाबतीत त्याची कारणे बहुधा उपजीविकेत आढळतात. देशावर कुस्तीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन चैत्र-वैशाखातील जत्रांपर्यंत चालतो आणि पावसाळा हा तालमीतील मेहनतीचा काळ मानला जातो. कोल्हापूर, सांगली, सातारा व पुणे या भागांत तालमी व खुराकाची सोय असल्याने हे चक्र टिकून राहिले.

महाड व पोलादपूर या सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत परिस्थिती निराळी आहे. जून ते सप्टेंबर येथे मुसळधार पाऊस पडतो आणि मेहनतीचे हेच महिने भाताच्या पेरणी-लावणीचे असतात. हंगाम सरला, की तरुण मुंबईची वाट धरतो. कोकणातून गेलेल्या कामगारांनी मुंबईच्या गिरणगावात तालमी व आखाडे जोपासले होते. परंतु पाळ्यांचे काम, सणाला गावी येणे व लावणीसाठी रजा काढणे यांत मेहनत वारंवार सुटे. १९८२ च्या गिरणी संपानंतर तर अनेकांच्या बाबतीत ती कायमचीच सुटली. या मुलखातील दुसरा मार्ग सैन्याचा. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे हे गाव सैनिकी परंपरेबद्दल प्रसिद्ध आहे. भारतात मुष्टियुद्धाची जोपासना प्रामुख्याने सैन्यदलांनी केली. मुंबई इलाख्यात १९२५ मध्ये हौशी मुष्टियुद्धाची संघटना स्थापन झाली होती व १९५० मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर भरली होती. तरी आतल्या तालुक्यांतील तरुणास हातमोजे पाहावयास मिळत ते बहुधा पलटणीतच. तेथे नियमित सराव, आहार व वजनगटानुसार लढती हे तिन्ही लाभत. अशी सोय गावात असती, तर किती मुले पुढे आली असती, हा प्रश्न या भागापुरता तरी विचार करण्याजोगा आहे.

सार्वत्रिक खंडाचे अलीकडील उदाहरण म्हणजे २०२०–२१ मधील महासाथ. १९६१ पासून भरविण्यात येणारी ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा जानेवारी २०२० नंतर थेट एप्रिल २०२२ मध्ये सातारा येथे झाली. मधले दोन हंगाम जत्रा बंद होत्या, तालमी ओस पडल्या होत्या व इनामावर जगणाऱ्या अनेक पैलवानांस शेतावर वा मजुरीस जावे लागले. खंडानंतरच्या या स्पर्धेत विशीच्या आसपासच्या पृथ्वीराज पाटील या कोल्हापूरच्या मल्लाने गदा पटकाविली. या किताबाचा गट खुला म्हणविला, तरी त्यासही ८६ ते १२५ किग्रॅ. अशी मर्यादा आहे. तथापि त्या मर्यादेतही ३९ किग्रॅ.पर्यंत तफावत संभवते.

वजनगटांनी प्रश्न पूर्णपणे सोडविला असेही म्हणता येत नाही. खालच्या गटात लढण्यासाठी शरीरातील पाणी घटवून वजन उतरविण्याची प्रथा जगभर रूढ झाली आहे. विनेश फोगट हिच्या बाबतीत खंड व वजन हे दोन्ही प्रश्न एकत्र आले. ऑगस्ट २०२३ मध्ये गुडघ्यावरील शस्त्रक्रियेमुळे तिच्या कारकीर्दीत खंड पडला. तेवढ्यात ५३ किग्रॅ. गटातील ऑलिंपिक प्रवेश दुसऱ्या भारतीय मल्लाने मिळविला होता, म्हणून तिला ५० किग्रॅ. गटात उतरावे लागले. पॅरिस येथे ६ ऑगस्ट २०२४ रोजी तिने जपानच्या बलाढ्य यूई सुसाकीस हरवून अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम अधिक भरल्याने ती अपात्र ठरली. वजनाचा नियम ग्रॅममध्ये मोजला गेला. त्यामागील खंडाची मोजणी कोठेच झाली नाही.

समालोचन : रंगमंडपातील कृष्णाच्या आक्षेपापासून आजच्या वजनकाट्यापर्यंतचा प्रवास हा लढत समतोल करण्याच्या प्रयत्नाचा इतिहास आहे. त्यातील देहमानाचा भाग नियमांनी बऱ्याच अंशी साधला. सरावाच्या सातत्याचा भाग अद्याप खेळाडूच्या परिस्थितीवर सोडलेला आहे. दुखापतीनंतरचे उपचार, पावसाळ्यातही चालू राहणारी तालीम, खुराकाचा खर्च व लावणीच्या दिवसांत घरच्या कामाची काही व्यवस्था या गोष्टी लाभल्या, तर लहान चणीच्या व लहान गावच्या खेळाडूचा खंड टळू शकतो. जुन्या फडातील वस्ताद जोड लावताना पैलवानाच्या अंगाबरोबर त्याची मेहनतही पाहत असे. आधुनिक क्रीडाव्यवस्थेने त्याच्या नजरेचा पहिला अर्धा भाग वजनकाट्यावर आणला. दुसरा अर्धा भाग अजून आणावयाचा आहे.